काचेआडचा शिंगाडा

"हे तुम्हाला खरं वाटणार न्हाई, मास्तर. आधीच सांगून ठेवतो. आजपर्यंत कुणालाच वाटलं न्हाई," अप्पाराव म्हणाले आणि बशीतल्या चहावर त्यांनी समाधानाने फुंकर मारली.

रामकिसन मास्तर बदली होऊन या गावात आले त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. घनसावंगीकडून येणारी गाडी दीड तास उशिरा होती, फाट्यावरच्या त्या हॉटेलात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि समोर बसलेला पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला म्हातारा इतक्या नम्रपणे स्वतःला खोटारडा ठरवून घेत होता, की मास्तर फसले.

"सांगा तर खरं," ते म्हणाले.

गावातला दुसरा कुणी असता तर असं म्हणाला नसता. अप्पारावांनी औरंगाबादच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेची झाडझूड केली होती आणि निवृत्त होऊन गावी परतताना तिथल्या थापा पोतं भरून आणल्या होत्या. पोटाला टाचण्या लावलेला बेडूक टाचण्यांसकट उडी मारून प्राचार्यांच्या खोलीत गेला, ही त्यातली सगळ्यात लहान. लोक ऐकत, हसत, चहा पाजत. थापेत गावाचं काही जात नव्हतं. अडचण एकदाच आली. अप्पाराव एकदा खरं बोलले तेव्हा.

ते साल त्र्याहत्तर. आदल्या वर्षीचा दुष्काळ अजून गावातच मुक्कामाला होता. त्या हिवाळ्यात गोदावरीचा डोह आटत आटत परातीएवढा झाला, आणि त्या परातीतले मासे लोक टोपलीने उपसून नेत होते. अप्पाराव तिथे नुसते बघायला गेले होते. सगळे निघून गेल्यावर चिखलात काहीतरी हललं. वीतभराचा शिंगाडा मासा होता, लांब मिशांचा, तोंड उघडून हवा चावत असलेला. अप्पारावांनी त्याला ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि घरी आणलं.

"शेवटचाच राह्यलाय हा," ते बायकोला म्हणाले. "पाऊस पडला की नेऊन सोडतो."

"आन तवर?" गिरिजाबाईंनी विचारलं.

तोवरची सोय घरातच होती. निरोपाच्या दिवशी कॉलेजने त्यांना माशांची एक जुनी काचपेटी दिली होती. लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंना पुट्टीने बसवलेल्या जाड काचा. गिरिजाबाई तिच्यात पापड ठेवत. पापड डब्यात गेले, पेटी खिडकीशी ठेवली गेली, तिच्यात चार घागरी पाणी पडलं. पाण्यात एक कौल पालथं घातलं आणि शिंगाडा त्या कौलाखाली जाऊन बसला. तेव्हा विहिरीला पाणी होतं. चार घागरींचं कुणाला काही वाटलं नाही.

मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसला. टँकर एक दिवसाआड येऊ लागला, माणशी दोन घागरी. आणि सबंध गावात साठवलेलं पाणी असं एकाच ठिकाणी उरलं, अप्पारावांच्या खिडकीत.

त्यात ती काच हिरवी पडली. उन्हाने म्हणा, जुन्या पाण्याने म्हणा, आतून अशी शेवाळी धरली की पेटी आहे की हिरवी पेटारी कळेना. पाणी बिघडलं नव्हतं, वरून बघितलं तर चांगलं नितळ होतं. पण वरून दिसायचं ते कौल. मासा दिसायचा तो समोरच्या काचेतूनच, आणि समोर तर हिरवा पडदा.

सरपंच सर्जेराव एक दिवस खिडकीशी थांबले.

"अप्पा, मासा आहे का अजून?"

"आहे की."

"दिसंना."

"काचेला शेवाळ धरलंय. मासा ठणठणीत आहे. परवा त्यानं—"

"बेडकासारखी उडी मारली आन प्राचार्याच्या खोलीत गेला," सर्जेराव म्हणाले. "तुमचं सगळं ऐकलंय आम्ही. अप्पा, लोकं बोलून राह्यले. मासा कवाच मेला, म्हाताऱ्यानं पाणी दाबून ठेवलंय म्हणतात. केशरबाईची म्हैस व्यालेली आहे. दूध आटत चाललंय तिचं. मेलेल्या माशापायी चार घागरी पाणी आडवून ठेवायचं, हे बराबर न्हाई."

केशरबाई शेजारच्याच. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घर त्या एका म्हशीवर चाललेलं. पाणी त्यांनी कधी मागितलं नाही. रोज संध्याकाळी शेणाच्या हातांनी येत, हिरव्या काचेकडे बघत आणि विचारत, "जित्ता आहे का?"

"आहे वैनी."

"बरं."

एवढंच. सर्जेरावांशी अप्पाराव तासभर भांडू शकत. या 'बरं'शी कसं भांडायचं ते त्यांना कळत नसे.

"मी तुम्हाला हिशोबानं सांगतो," ते सर्जेरावांना म्हणाले. "चार घागरी म्हंजे म्हशीची एका वेळची तहान. संध्याकाळी तिला पुन्हा तहान लागंल. मासा मात्र एकदाच मरंल."

सर्जेरावांनी यावर थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता. "असंल तर मरंल ना," ते म्हणाले. "काच पुसा. मासा दिसला तर मी लोकांची तोंडं बंद करतो."

"आन कौल उचलून दाखवलं तर?"

हे गिरिजाबाई आतून म्हणाल्या. अप्पारावांनी कपाळावर हात मारला. मागच्या महिन्यात त्यांनीच एकदा कौल उचललं होतं. शिंगाड्याने त्या धसक्याने अशी उसळी घेतली की तो थेट पिठाच्या परातीत. तळायच्या तयारीने पीठ लागलेला मासा परत पाण्यात सोडला, पण दोन दिवस तो कुशीवर पडून होता. तेव्हापासून कौलाला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा झाला होता.

म्हणजे काच पुसायची. पाणी न काढता, मासा न दचकवता, आतून.

सत्तावीस वर्षं काच धुतलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. अप्पारावांनी वेताच्या काठीला जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि पेटीत घालून घासायला सुरुवात केली. दुपार उलटली. शेवाळ जिथल्या तिथे होतं, फक्त आता त्याला चमक आली होती.

"खरबरीत पाहिजे काही," अप्पाराव म्हणाले आणि नारळाचा काथ्या बांधला. काथ्याने थोडं शेवाळ निघालं, पण काथ्याही निघाला. त्याचे तंतू पाण्यात सुटले आणि कौलाखाली जाऊन माशाला चिकटले.

"आधी मिशा व्हत्या, आता दाढीबी आली," अप्पाराव मास्तरांना म्हणाले. "दोन दिवस तो तसाच फिरला, मास्तर. एखाद्या फकिरासारखा. मला तर वाटायचं आता दुवा देतो."

मास्तर हसले. अप्पारावांनी दुसरा चहा सांगितला.

गिरिजाबाईंचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. "राख घ्या. उभ्या जन्मात राखेनं निघाली न्हाई अशी घाण मी पाह्यली न्हाई."

"राखेनं पाणी खारवंल. मासा मरंल."

"कशावरून?"

"शास्त्र आहे ते."

"शास्त्र! सत्तावीस वर्षं बाटल्या धुतल्या, आन शास्त्र सांगून राह्यले."

"अगं, ज्या बाटल्या मी धुतल्या त्याच्यात शास्त्रच व्हतं!"

गिरिजाबाईंनी राखेचा डबा चुलीमागे ठेवून दिला. रागात ठेवला, त्यामुळे थोडी राख उडालीच. ती पेटीवर जाऊ नये म्हणून अप्पाराव हात पसरून आडवे उभे राहिले. त्या वेळी खिडकीतून बघणाऱ्यांनी गावात सांगितलं, की म्हातारं आता पेटीपुढे नमाजाला उभं राहतं.

मग वस्तऱ्याचं पातं आलं. न्हाव्याकडून टाकाऊ पातं आणलं, काठीच्या टोकाला चिरेत बसवलं, सुतळीने करकचून बांधलं. आणि खरोखर, काय ते काम! वरून खाली एक ओढ मारली की शेवाळाची फीत सोलून निघायची, दुधीची साल निघावी तशी. दोन बोटं रुंद अशी एक उभी फट स्वच्छ झाली. अप्पाराव गुडघे टेकून तिला डोळा लावून बसले. कौलाची कड दिसली, आणि कडेखाली एक मिशी. मिशी हलली.

"आहे! गिरिजा, आहे बघ!"

"मला म्हाईत आहे, तो आहे म्हणून. ते त्या सरपंचाला दाखवा."

दुसरी ओढ त्यांनी कोपऱ्याकडे घेतली आणि घाई नडली. पातं काचेवरून घसरलं आणि कोपऱ्यातल्या पुट्टीत शिरलं. वाळलेली, वीस-पंचवीस वर्षांची पुट्टी. तिचा नखाएवढा तुकडा सुटून आला, आणि त्या जागी चौकटीबाहेर पाण्याचा एक थेंब येऊन उभा राहिला. थेंब पडला. त्याच्या मागे दुसरा आला.

दुष्काळात गळकी पेटी! गिरिजाबाईंनी एका हाताने तांब्या खाली लावला आणि दुसऱ्या हाताने कणकेचा गोळा उचलला. कणीक कोपऱ्यात आतून दाबून बसवली. थेंब थांबला. दोघंही खूश होऊन झोपले. सकाळी तांब्या भरून वाहत होता आणि आतली कणीक नाहीशी झाली होती.

"विरघळली असंल," गिरिजाबाई म्हणाल्या.

"विरघळली तर पाणी पांढरं झालं असतं. खाल्ली त्यानं."

पुन्हा कणीक भरली. पुन्हा ती गेली. तिसऱ्या दिवशी तर शिंगाडा वाट बघत असल्यासारखा कोपऱ्याच्या बाजूला सरकून बसला. कणीक बसवायची, माशाने ती खायची, थेंब तांब्यात पडायचे, तांब्या भरला की पाणी परत पेटीत ओतायचं. घरातल्या दोन माणसांचा दिवस असा जाऊ लागला. अप्पारावांनी स्वतःची अंघोळ आधीच सोडली होती, आता दुपारचा चहाही सोडला. पेटीतलं जे पाणी उन्हाने उडून जाई, तेवढं ते आपल्या वाट्यातून भरत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांनाही सांगितलं नाही. मास्तरांना त्यांनी एवढंच सांगितलं, की कणीक खाऊन खाऊन तो शिंगाडा इतका माजला की त्याला कौल लहान होऊ लागलं.

शेवटी गळती थांबली ती बाहेरून डांबर लावल्यावर. सडकेचं काम बंद पडलं होतं तिथून अप्पाराव डब्यात थोडं घेऊन आले होते. पण तोवर पुसलेली फट पुन्हा हिरवी पडली होती, आणि पातं आता बाद. गिरिजाबाईंनी ते काठीसकट हातातून काढून घेतलं.

"हे पाहा," रात्रभर विचार करून अप्पाराव म्हणाले, "आत काठी घालायचीच न्हाई. आत लोहचुंबक, बाहेर लोहचुंबक. बाहेरचा फिरवला की आतला फिरंल. मधी काच. कॉलेजात एका प्रोफेसरानं विलायती पुस्तकातलं चित्र दाखवलं व्हतं मला."

नवऱ्याच्या थापा गिरिजाबाईंना ओळखू येत. हे मात्र खरं असावं असं वाटून त्यांना जास्त भीती वाटली.

लोहचुंबक कुठे मिळणार? तर स्पीकरमध्ये. गावात रेडिओ-स्पीकर दुरुस्त करणारा एकच, तातेराव. जयंतीचा लाऊडस्पीकरही त्याच्याकडेच असे. अप्पाराव गेले तेव्हा तो अंबडला गेला होता. त्याच्या आईने दारातूनच सांगितलं, "त्यो तिथं जळका पडलाय तो घ्या. कामाचा न्हाई म्हणत व्हता." फळीवर दोन स्पीकर शेजारीशेजारी होते. त्या वर्षी धुळीने सगळ्या वस्तू सारख्याच दिसत होत्या. आणि लोहचुंबक तर दोन लागणार होते. अप्पारावांनी दोन्ही नेले.

दोन्ही फोडून दोन काळ्या चकत्या निघाल्या. एकीला घोंगडीचा तुकडा शिवून ती आत सोडली, दुसरी बाहेरून लावली. टच्च आवाज झाला, दोघींनी मध्ये काच धरून एकमेकींचा हात पकडला. अप्पारावांनी बाहेरची चकती हळूच सरकवली. आतली मागोमाग निघाली, सुतासारखी. तिच्यामागे काचेच्या वरच्या अंगाला हाताएवढा स्वच्छ पट्टा उमटला.

"प्रोफेसरा, तुझं भलं होवो," अप्पाराव म्हणाले.

तोवर त्यांना एक गोष्ट आठवली नव्हती. चौकट लोखंडाची होती.

चकती काठाजवळ गेली मात्र, ती काच सोडून चौकटीला जी चिकटली, ती चिकटलीच. आतलीही खाली कोसळून तळाच्या अँगलला बिलगली. अप्पारावांनी ओढलं, गिरिजाबाईंनी ओढलं, चकत्यांऐवजी पेटीच सरकू लागली.

"सहा जण लागले व्हते ओढायला," त्यांनी मास्तरांना सांगितलं. "आन त्याचा जोर एवढा, की बायकोच्या हातातली पळी सुटून गेली आन चिकटली. मंग सांडशी. मंग सुरी. तिच्या कमरेच्या किल्ल्या ताठ उभ्या राह्यल्या. मी म्हणलं, गिरिजा, मागं सर, न्हाईतर किल्ल्यांसकट जाशील."

"अप्पाराव!" मास्तर म्हणाले.

"म्हणलं व्हतं ना, खरं वाटणार न्हाई."

या पुढचं मात्र गावातल्या कुणालाही विचारा, ते खरंच होतं. चौदा एप्रिलला जयंती आली. पाण्याची ओरड असताना लोकांनी विहारासमोरचं मैदान झाडून काढलं होतं, निळ्या पताका लावल्या होत्या, परतूरहून भाषणाला एक वकील बोलावले होते. तातेरावने फळीवरचा चांगला स्पीकर घ्यायला हात घातला तेव्हा तिथे धुळीतला गोल तेवढा उरला होता. दुसरा आणायला वेळ नव्हता. वकील दीड तास बोलले. ऐकू पहिल्या दोन ओळींनाच आलं. मागच्या लोकांनी त्यांचे हातवारे पाहून टाळ्या वाजवल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या ठिकाणी वाजल्या.

त्या संध्याकाळी अप्पारावांच्या दारात निम्मं गाव होतं.

"काका, माझा चालू स्पीकर फोडला तुम्ही!" तातेरावला रडू फुटायचं बाकी होतं. "माशापायी!"

"मला वाटलं दोन्ही जळके."

"विचारायचं तरी! सालभर सांभाळला व्हता मी त्याला, आजच्या एका दिवसासाठी!"

अप्पारावांनी मान खाली घातली.

सर्जेराव पुढे झाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "अप्पा, आधी पाणी आडलं. आता जयंती गेली. आता बास. पुढच्या ऐतवारी सकाळी मी येतो. काचेतून मासा जित्ता दिसला तर पेटी तुमची, पाणी तुमचं, पावसापर्यंत कोणी बोट लावणार न्हाई. न्हाई दिसला, तर ते पाणी केशरबाईच्या म्हशीला जाईल. कबूल?"

"कबूल," अप्पाराव म्हणाले.

गर्दीत मागे केशरबाई होत्या. रोजचा प्रश्नही त्यांनी त्या दिवशी विचारला नाही.

आठवडा गेला. फडकं, काथ्या, पातं, चुंबक सगळं कोपऱ्यात पडलं होतं. एवढी हत्यारं मी बाटल्यांवर कधी चालवली नाहीत, असं अप्पारावांना वाटे. टँकर मंगळवारी आला आणि मग आलाच नाही. कुणी म्हणे बिघडला, कुणी म्हणे घनसावंगीकडेच रिकामा होतो. शुक्रवारी दुपारी केशरबाई दारात आल्या. हातात काहीतरी पिवळट, वाळलेलं, लांबोळकं होतं.

"हे घ्या, भाऊजी."

"काय आहे?"

"घोसाळ्याची जाळी. वेलावरच वाळू दिलेली. म्हशीच्या डोळ्याभवती मी ह्यानंच घासते, ओरखडा उठत न्हाई. भिजली की लोण्यावानी मऊ होती, पण घाण धरून निघती. काठीला बांधा आन घासा."

अप्पारावांनी ती हातात घेतली. हलकी होती, पिसासारखी. "वैनी," ते म्हणाले, "ह्यानं जर काच साफ झाली, तर पाणी मलाच राहील."

"म्हाईत आहे."

"म्हैस कशी आहे?"

"बसलीय," केशरबाई म्हणाल्या. "सकाळपासून उठून न्हाई राह्यली. पण तुमचा मासा जित्ता आहे ना? मंग दिसू द्या की लोकांना. एवढ्या खऱ्या गोष्टीला खोटं ठरवणं बरं न्हाई." आणि त्या निघून गेल्या.

त्या जाळीने काच पुसायला किती वेळ लागला असेल? विडी ओढायला लागतो तेवढा. पाच ओढींत समोरची काच मोकळी झाली. ना ओरखडा, ना तंतू, ना थेंब. कौलाखाली शिंगाडा दोन्ही मिशा पसरून बसला होता आणि गेल्या महिन्याभरात प्रथमच अप्पारावांकडे बघत होता. मागची काचही त्यांनी पुसली. तिच्यापलीकडे खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे केशरबाईंचं अंगण.

इथे अप्पाराव सांगता सांगता थांबले. बशीत चहा उरला नव्हता तरी त्यांनी ती तोंडाला लावली. गाडीचा पत्ता नव्हता. सडकेवर एक सायकल गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

"मग?" मास्तरांनी विचारलं. "रविवारी काय झालं?"

"ऐतवारी!" अप्पारावांचा आवाज परत फुलला. "ऐतवारी सकाळी सर्जेराव हजर. बाजूला तातेराव, मागं पन्नास माणसं. आन काच, मास्तर! काच अशी पुसल्ती मी, अशी पुसल्ती, की चिमणी येऊन तीनदा धडकली. सर्जेराव वाकले. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. म्हणले, अप्पा, पेटी रिकामी आहे."

"रिकामी?"

"मी म्हणलं, रिकामी न्हाई, सर्जेराव, काठोकाठ भरलेली आहे. पण काच साफ, पाणी साफ, मंग तुम्हाला दिसावं काय? नजर आरपार जाऊन राह्यलीय तुमची! तातेराव म्हणला हात घालून पाहतो. मी म्हणलं खबरदार, मासा दचकंल."

"आणि मासा?"

"कौलाखाली निजल्ता. बिलकुल आत सरकून. त्याला काय म्हाईत, आपला निकाल लागून राह्यलाय म्हणून."

रामकिसन मास्तर आता पुढे सरकून बसले होते. "म्हणूनच काय! मला शाळेत शिपाई सांगत होता, अप्पारावांचा मासा मेला होता आणि पेटी कोरडी ठणठणीत निघाली. तुम्ही स्वतःच कबूल केलं म्हणे, मासा मेला म्हणून."

"लोकं सांगायचीच," अप्पाराव म्हणाले. "पन्नास माणसांनी डोळ्यांनी पाह्यलं न्हाई. मी एकटा काय बोलणार? म्हणलं, तुमचंच खरं, मेला. गेले सगळे घरी. पण मासा जित्ता व्हता, मास्तर. जूनच्या शेवटी पाऊस झाला, डोह भरला, मी माझ्या हातानं सोडला त्याला. जाताना वळून एक मिशी हलवली त्यानं."

"म्हणजे एप्रिल ते जून, दोन महिने, त्या चार घागरी पाण्यातच?"

"त्याच चार घागरी! त्याच पेटीत! थेंब हालला न्हाई!"

हॉटेलातल्या तट्ट्यामागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. हॉटेलवाल्याला दूध घालून रिकाम्या बरणीची वाट बघत बसलेली एक म्हातारी उठली आणि पदर खोचत पुढे आली. अप्पारावांनी मान वळवली. बशी त्यांच्या हातातच राहिली.

"वैनी," ते घाईने म्हणाले, "तुम्ही कवा आल्या? चहा घ्या."

"मेल्या चहाला काय करू?" केशरबाई सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाच वरसं गप बसले, तुम्ही शपथ घातल्ती म्हणून. पण थेंब हालला न्हाई म्हणं! खोटं बोलून राह्यले हे, मास्तर, साफ खोटं! मासा दोन महिने माझ्या घरात रांजणाच्या तळच्या पाण्यात व्हता. आन पाणी दिसंल कुठून सर्जेरावाला? शनवारी पहाटंच ह्यांनी चारी घागरी आणून माझ्या म्हशीपुढं वतल्या व्हत्या!"